तिसरं पिवळं कार्ड

१० नोव्हेंबर, रविवार

शेवटी झालोच सचिव. उगवती स्पोर्टिंग, अकोला. जर्सी निळी, जाळी शिवलेली. हे काम एकोणीस वर्षं भावना करत होती. शाळेत पीटीच्या तासाला पोरांना पळवायची आणि शाळा सुटली की या क्लबच्या पोरांना. जुलैत ती गेली. आज गोवर्धन आला — क्लबचा कोच, वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. म्हणाला, "सर, कागदं पाहाले कोनी नाई. मॅडमची खुर्ची तुमीच घ्या." मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही, मॅडमचा नवरा म्हणून सर.

आणि मी काय केलंय या क्लबसाठी? पेपरातल्या माझ्या सदरात वीस वर्षं टिंगल. 'माझी सवत गोल आहे, चामड्याची आहे आणि कितीही लाथा खाल्ल्या तरी घर सोडत नाही' — हे वाक्य माझंच. वाचक हसले. भावनाही हसली, आणि जर्स्या भिजवायला गेली.

निघताना गोवर्धन दारात थांबला. "अ गट सुटला नाई पायजे, सर. बाकी काईबी होऊ द्या."

दहा संघांची लीग. खालचे दोन ब गटात जातात. उगवती तेहेतीस वर्षं अ गटात आहे. दवाखान्यात भावनाला शुद्ध होती त्या शेवटच्या दिवशी तिने मला गॅसची चावी, विम्याचा हप्ता आणि अ गट, एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या. याच क्रमाने.

१७ नोव्हेंबर, रविवार

हरलो. तीन-शून्य, स्वतःच्याच मैदानावर. एक गोल आमच्याच माणसाने केला. फार सुंदर होता.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

सरावाला गेलो होतो. भावनाची एक वही सापडली म्हणून. प्रत्येक खेळाडूला एक पान, पानावर पिवळ्या खडूच्या रेघा. तीन पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसायचं. बसणाऱ्यांची यादी असोसिएशन दर गुरुवारी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. ग्रुपवर एका क्लबचा एकच माणूस. पूर्वी भावना, आता मी. ती शुक्रवारी मैदानावर येऊन ज्याला बसायचंय त्याला बाजूला घ्यायची आणि सांगायची.

सुगतला विचारलं — आमचा गोलकीपर, पंचायत समितीत क्लार्क — "अरे, तुम्ही स्वतः मोजत नाही?"

"मोजाचं कायले, सर? मॅडम सांगत."

ठीक. आता सर सांगतील. वही पुढे चालवणार होतो. पिवळा खडू सापडेना.

८ डिसेंबर, रविवार

जिंकलो! एक-शून्य. कुंदनचा हेडर.

कुंदन कॅप्टन आहे. एकोणतीस वर्षांचा. पहाटे फुलबाजार, मग गाडीवर हार-गजरे, संध्याकाळी फुटबॉल. हस्तांदोलन केलं की आपल्या हाताला झेंडूचा वास राहतो. सातवीत असताना भावनाने त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, आणि बाहेर उभा राहून तो दगडाशी खेळताना दिसला म्हणून मैदानावर नेलं. सामना संपल्यावर माझ्याजवळ आला. "सर, मॅडम असत्या तं दुसऱ्या हाफमधे मले शिव्या देल्ल्या असत्या. लय मांगं राहिलो मी."

मी म्हटलं, "मी देऊ का?"

"तुमच्या शिव्या समजाले डिक्शनरी लागते."

२२ डिसेंबर, रविवार

अमरावतीला लीगचा सुवर्णमहोत्सवी समारंभ. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, स्वागताला उत्तर, उत्तराबद्दल आभार. एक तास पंचेचाळीस मिनिटं. प्रमुख पाहुण्यांनी दोन्ही कॅप्टनना विचारलं, "टॉस जिंकून बॅटिंग कोण घेणार?" टाळ्या. सामना अंधार पडला म्हणून पंधरा मिनिटं कापला.

असा ऐवज देव रोज देत नाही. सदर बसमध्येच लिहून काढलं.

२६ डिसेंबर, गुरुवार

सदर छापून आलं आणि ग्रुप पेटला. असोसिएशनचे सचिव नत्थुजी यांनी लिहिलं — 'उगवतीच्या सन्माननीय सचिवांनी खेद व्यक्त करावा.' मी लिहिलं — 'तुमच्या समईवर हात भाजण्याआधी निघतो. आपला, बारावा खेळाडू.' आणि ग्रुप सोडला. तीन क्लबांच्या सचिवांचे खासगीत हसरे चेहरे आले. वेळापत्रक छापील आहे, माझं काय अडतं?

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. ते वाक्य भावनाला वाचून दाखवायला वळलो. तिची खुर्ची.

१२ जानेवारी, रविवार

हरलो. दोन-एक.

१९ जानेवारी, रविवार

बरोबरी. कुंदनला पिवळं कार्ड — रेफ्रीला म्हणाला, "घड्याळ पाहून राहिले का बॉल?" वाक्य चांगलं होतं. माझ्या संगतीचा परिणाम असावा. मी लांबून टाळी वाजवली.

२६ जानेवारी, रविवार

पुन्हा हरलो. नववे आहोत. माझ्यासारख्या माणसाला पराभव आवडायला हवा, त्यावर दोन कॉलम निघतात. निघत नाहीत. घरी येऊन जर्स्या भिजवल्या. निळा रंग किती जातो! बादलीभर. तरी जर्सी निळीच.

९ फेब्रुवारी, रविवार

वाचलो.

शेवटचा सामना, अमरावती. समोरचा संघ आठवा, आमच्याहून दोन गुणांनी वर. जिंकलो तर आम्ही राहणार, ते जाणार. बरोबरीही चालणार नव्हती. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा गोल. गोवर्धनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसला. हाफनंतर आमचा एक. मग शेवटची चार मिनिटं उरली असताना कॉर्नर, आणि त्या गर्दीतून कुंदनचं डोकं वर आलं. बस्स. आत.

पोरं माझ्या अंगावर येऊन पडली. एकाने चष्मा तोडला. मी रडत होतो आणि चष्म्यामुळे रडतोय असं दाखवत होतो. राजापेठेत सगळ्यांनी उभ्याने गिला वडा खाल्ला. कुंदन म्हणाला, "सर, मॅडमले सांगा घरी गेल्यावर."

सांगितलं. फोटोसमोर उभं राहून, मोठ्याने. मी, ज्याने फोटोशी बोलणाऱ्यांवर तीन लेख लिहिलेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

असोसिएशनचं पत्र. कुंदनचं तिसरं पिवळं कार्ड २ फेब्रुवारीच्या सामन्यात झालं होतं. ९ तारखेला तो बाहेर बसायला हवा होता. निकाल रद्द, सामना समोरच्यांना तीन-शून्य. उगवती ब गटात.

पत्र चार वेळा वाचलं. कुठेतरी विनोद असेल म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नत्थुजींना फोन केला. वाटलं होतं खोचक बोलतील, मग मला भांडता येईल. खोचक बोलले नाहीत. "यादी सहा तारखेले ग्रुपवर टाकली होती, सर. तुमी नव्हते ग्रुपवर. मले वाटलं कोनाकडून तरी समजलं असन तुमाले. वाईट वाटते हो. भावनाताईचा क्लब."

मी थँक्यू म्हणालो.

एका टाळीच्या वाक्यासाठी. बारावा खेळाडू म्हणे.

१६ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर बैठक. ठरवून गेलो होतो सांगायचं — मी ग्रुप सोडला होता, यादी मी पाहिलीच नाही, कुंदनला कुणी काही सांगितलं नाही. वाक्यं पाठ केली होती. घसा साफ केला.

माझ्याआधी सुगत उठला. कुंदनकडे बोट. "तुले मालूम होतं ना बे? मंग काहून उतरला? हिरो बनाचं होतं?"

सगळे धरूनच चालले होते की मी शुक्रवारी सांगितलं असणार. मॅडम सांगत, सर का नाही सांगणार?

आता कुंदन बोलेल, म्हणेल मला कुणीच सांगितलं नाही, आणि मग मी हो म्हणेन — असं मी स्वतःशी ठरवलं. वाट पाहिली. तो खाली बघत बुटाची नाडी सोडत होता. काही बोलला नाही. मीही नाही. कॅप्टनचा पट्टा काढून घेतला त्याचा. "उद्यापासून मैदानावर दिसू नको," गोवर्धन म्हणाला. तो माणूस सतरा वर्षं त्याला 'बेटा' म्हणत आलाय.

कुंदनने नाडी सोडली, बूट हातात घेतले आणि अनवाणी गेटपर्यंत गेला.

मी चहा प्यायलो. खरंच प्यायलो. कुणीतरी हातात दिला होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सांगतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन — "तब्येत?" म्हटलं, हो. वीस वर्षं लोकांच्या भित्रेपणावर लिहून पोट भरलं. मंत्री, कुलगुरू, समईवाले. आज वहीत नुसतं 'मी' लिहिलं आणि पुढे जमेना.

फुलबाजारावरून मुद्दाम गेलो. कुंदन गाडीवर होता. पाणी शिंपडत होता शेवंतीवर. त्याने पाहिलं, मान हलवली, नेहमीसारखी. मी रस्ता ओलांडला. पलीकडे माझं काहीही काम नव्हतं.

कशाचाच राग नाही त्याला? निदान रागावायला तरी हवं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गोवर्धन आला होता ब गटाचा फॉर्म घेऊन. सही केली. म्हणाला, "मॅडमले तोंड दाखवाची सोय नाई ठेवली त्या कुंदनने." फोटोकडे पाहून हात जोडले त्याने. मी पेनाचं टोपण लावत बसलो. बराच वेळ लागतो टोपण लावायला.

२ मार्च, रविवार

सकाळी रागिणी आली, कुंदनची बायको. पाणीही घेतलं नाही. "सर, हे सांगू नको म्हनले, पन माह्याच्यानं राहावत नाई. मीटिंगच्या आदल्या रात्री गाडी घेऊन घरोघर गेले ते. गोवर्धन काकाजीपासून सगळ्याइच्या घरी. सांगून आले, 'सरांनी मले शुक्रवारीच बाहेर बस म्हनलं होतं, मीच आयकलं नाई.'" मी विचारलं, का? "म्या बी हेच इचारलं. तं म्हनले, मले तं तू हायेस, लेकरं हायेत. सरांपाशी आता क्लबच हाये."

ती जाऊन दहा मिनिटं झाली. चपला घातल्या आहेत. पंधरा घरं आहेत, पहिलं गोवर्धनचं. एकही वाक्य तयार नाही.