हिरड्याची चाळीस पोती

मूल (जि. चांदा), सोम. ५ मार्च १९५६
मुंबईच्या पेढीचे पत्र आले. पहिली खेप चाळीस पोती हिरडा, आगबोटीने विलायतेस, कातडी कमावणाऱ्यांकडे. माल पसंत पडला तर दरसाल आमच्याकडूनच घेतील. नाही तर पुन्हा चांद्याच्या दलालाच्या दारात उभे राहणे आहेच. करारातली इंग्रजी कलमे डिक्शनरी घेऊन स्वतः लावली. वकिलाकडे गेलो नाही. कलम सातवे: पोत्यात हिरड्याशिवाय काहीही नको. काडी नाही, खडा नाही.

गुरु. ८
निवडायला सहा बाया, त्यांची मुकादम शेवंताबाई. रंग, वजन, फोडून आतला गर, सगळे समोर बसून शिकवले. शेवंताबाई म्हणे, "मालक, हिरड्याले शाळंत घालाचं हाय काय?" बाया हसल्या. हसू देत.
पोती शिवायला लटारूभाऊ. तोंडाला बारा टाके, कमी नाही, जास्त नाही.

रवि. ११
तीस पोती शिवून झाली. सहज टाके मोजले. एकावरही बारा नाहीत. कुठे अकरा, कुठे तेरा, गाठही लटारूची नव्हे. म्हणजे उसवून पुन्हा शिवलीत. कोणी? काऊन? परवा चामोर्शीच्या बाजारात चांद्याचा दलाल लटारूशी बोलत होता, गाडीवानाने पाहिले. दुसऱ्या प्रतीचा माल आत सारला असेल तर...
आज बोललो नाही. पाहायचे.

मंगळ. १३
चाळिसावे पोते शिवून होताच लटारूभाऊला विचारले. सरळ नाही, आडून. दलाल काय म्हणत होता वगैरे. त्याला कळायचे ते कळले. दाभण पोत्यात खोवून उठला.
"दाभन ठेवतो इथीच. हात माह्ये हायेत, ते घेऊन जातो."
बाबांच्या वेळेपासूनचा माणूस. गेला म्हणजे मनात काही होतेच, असे मी धरले.

बुध. १४
एक पोते स्वतः उसवून ओतले. दुसरी प्रत नाही. मूठभर तांदूळ आणि एक हळकुंड. दुसऱ्या पोत्यातही तेच.
शेवंताबाईला बोलावले. लपवण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नाही. लटारूभाऊ जेवायला गेला की बायाच उसवत होत्या. सासरी निघालेल्या पोरीची ओटी भरावी तशी. "येवढ्या दूर जाऊन राह्यले, खाली कसे धाडाचे?" खाली म्हणजे रिकाम्या ओटीने. तांदूळ जिच्या तिच्या घरचे, पदराला बांधून आणलेले.
कलम सातवे समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, मग म्हणे, "त्याहीच्या घरी सुनेले खालीच घेतात काय?"
लटारूला ठाऊक होते का? ती म्हणते नाई. दुसऱ्याचे टाके त्याला ओळखू आले नसतील, हे मला पटत नाही. मग बोलला का नाही?

शुक्र. १६
चाळीसही पोती ओतली, चाळली. उद्या दुपारी स्टेशनात मालाचा डबा लागणार. मी आणि बायांनी मिळून दिवसभरात सहा शिवली, तीही वाकडी.
संध्याकाळी लटारूभाऊकडे गेलो. अंगणात मासोळीचे जाळे सांधत होता. चुकलो म्हणायचे ठरवून गेलो होतो. बोललो ते डब्याच्या वेळेबद्दल. त्याने मान वर केली नाही.
"येतो. पन मी शिवतो तवा तुमी तिथी बसाचं नाई."

शनि. १७
बसलो नाही. सकाळपासून स्टेशनवर. पोती वेळेत आली, चढली, डबा गेला. लटारूभाऊ परस्पर घरी.
परत येऊन काढलेली हळकुंडे मोजली. एकोणचाळीस. दोनदा मोजली. शेवंताबाई शपथेवर सांगते, चाळीस घातली होती. चाळताना कुठे उडाले असेल. कोणी घरी नेले असेल. नाही तर शिवताना कोणी मुद्दाम... फलाटावर टाके मोजायला एका पोत्याकडे माझा हात गेला होता. मागे घेतला.
मुंबईला पत्र लिहायला घेतले आहे. "माल रवाना केला" इथपर्यंत झाले. पुढे "कलम सातव्याप्रमाणे" असे लिहावे का