रानाची सनद

दिजाँ, ता. २२ जुलै १७८९

चि. क्लोदीन हीस आंसेल्मचे अ. उ. आ.

हे पत्र एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी लिहीत आहे: जमावाला निवड करता येत नाही, म्हणून तू ती पेटी आहे तिथेच टाकून माझ्याकडे निघून यावेस.

निवड करायची तर आधी वाचावे लागते. सेंतोब्रँच्या दीडशे घरांत अक्षर ओळखणारी माणसे चार. जहागीरदारांचे दप्तर तुझ्या यजमानांकडे नकलेसाठी आले आणि ते वारल्यावर तुझ्याच घरी राहिले, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. वेठीचे आणि पावभट्टीच्या कराचे कागद जाळायला लोक येणारच. तुमच्या शेजारच्या दोन गढ्यांतून धूर निघाल्याचे इथे कळले आहे. पण त्याच पेटीत यजमानांनी गावातर्फे सांभाळलेली रानाची सनदही आहे. नव्या जहागीरदारांनी रानाला कुंपण घातले, तेव्हापासून गावाचा दावा चालू आहे. द्राक्षतोडणीनंतर निकाल, आणि गावाच्या बाजूने पुरावा काय तो त्या एका सनदेचा. हे लोक तीही वेठीच्या कागदांबरोबर आपल्या हातांनी जाळतील आणि हिवाळ्यात सरपणावाचून बसतील. मला याचे दुःख होईल, आश्चर्य वाटणार नाही.

अर्ध्या गावाच्या आजारपणांत मी उशाशी बसले आहे, असे तू म्हणशील. कृतज्ञता हा पुरावा नव्हे. येताना चीज आण. इथल्या चीजला आमची स्वयंपाकीण पेरीन चुना म्हणते.

माया आहे तशीच आहे. तिच्यापायी या पत्रातला तर्क बाजूला सारू नकोस.

तुझा
आंसेल्म

सेंतोब्रँ, ता. २९ जुलै १७८९

ती. आंसेल्मदादांस क्लोदीनचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे. घर उभे आहे. घसा मात्र पार बसला आहे, आणि तो का बसला हेच तुम्हांला सांगायचे आहे.

काल दुपारच्या घंटेला ते आले. कोयते होते, पेटते पलिते होते. पुढे पिंपे करणारा ब्लेझ आणि धोबीण त्वानोन. मी दारात उभी राहिले. ब्लेझने टोपी काढली आणि म्हणाला की बाईसाहेब, पेटी चर्चच्या अंगणात न्यायची आहे, आणि तुम्हीही चला. मी का, असे विचारले तर त्वानोन फणकारली, की मग वाचणार कोण, तुमची कोंबडी?

दादा, त्यांनी एकेक कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. वाचून झाला की हात वर व्हायचे: जाळायचा की ठेवायचा. वेठीचे गेले, भट्टीचे गेले. जुन्या जहागीरदारीणबाईंनी विधवांना लावून दिलेल्या पावाचा कागद निघाला, तो ठेवला. एका कागदात ब्लेझच्या आजोबांनी तळ्यातले मासे चोरल्याबद्दल फटके खाल्ल्याची नोंद निघाली. सगळे खदखदून हसले. ब्लेझ लाल होऊन ओरडला की हा आधी जाळा. त्वानोन म्हणाली, मुळीच नाही. कोणाच्या पाठीने काय सोसले ते पोरांना कळायला नको होय? कागद राहिला. दिवस कलला, माणसे उभ्याउभ्या पेंगत होती, पण एकही कागद न ऐकता पुढे सरकू दिला नाही. मी लहानपणापासून त्या चर्चमध्ये जाते. इतकी शांतता तिथे कधी ऐकली नव्हती.

पेटी रिकामी झाली आणि ब्लेझने विचारले, की रानाची सनद कुठे आहे?

दादा, तुमचे पत्र वाचून मी घाबरले होते. सव्वीस तारखेला गाडीवान निघालाच होता. सनद फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती तुमच्याकडे पाठवली. चिठ्ठी लिहायलाही सवड नव्हती. हे मी सर्वांसमोर सांगितले. मग ब्लेझ म्हणाला की विद्वानाच्या घरी आहे ना, मग ती चर्चपेक्षा सुरक्षित आहे.

तो आणि त्वानोन ती न्यायला पायी निघाले आहेत. त्यांना गरम सूप द्यावे आणि तर्कशास्त्र देऊ नये.

धाकटीवर रागावलात तरी तिला विसरू नये.

आपली
क्लोदीन

दिजाँ, ता. ३ ऑगस्ट १७८९

चि. क्लोदीन हीस आंसेल्मचे अ. उ. आ.

ते दोघे परवा आले. सूप दिले. सनद देऊ शकलो नाही.

सत्तावीस तारखेला इथे बातमी उठली की जहागीरदारांचे कागद ज्याच्या घरी सापडतील त्याचे घर जाळणार. त्याच तासाला तुझा गाडीवान आला. मी फडके सोडले, लाखेची मोहर पाहिली आणि चर्मपत्राची गुंडाळी न उलगडता चुलीत घातली. पेरीन नाक धरून विचारत आली की आज जोडे शिजवताय का. घराकडे कोणीही फिरकले नाही. तुझे पत्र पोचले तेव्हा राखही फेकून झाली होती.

हे मी ब्लेझ आणि त्वानोन यांना उभ्याने सांगितले. ब्लेझ खाली बसला. त्वानोनने एवढेच विचारले, की जाळण्याआधी वाचली होतीत ना? मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपे गेले असते.

मग ती म्हणाली की आता बसा आणि लिहा. आणि, क्लोदीन, त्या निरक्षर बाईने सनद कलमामागून कलम सांगितली: वाळके लाकूड कधीपासून कधीपर्यंत, डुकरे कोणत्या झाडांखाली चारायची, विधवेला किती मोळ्या. तुझे यजमान दर वर्षी ती सभेत वाचत. तिने ती तीस वर्षे ऐकली. मी चाळीस वर्षे शिकवले, पण असे ऐकणारा शिष्य मला लाभला नाही. तिचे शब्द तुला कळवत नाही. मी लिहिलेले न पाहता, तुला आठवतात ती कलमे तू वेगळी लिहून पाठव. दोन्ही जुळली तर न्यायालयाला त्यांचा विचार करावा लागेल. बाकी साक्ष माझी, ती खाली जोडली आहे. ती उघड न्यायालयात वाचली जाईल आणि माझे विद्यार्थीच तिथे न्यायासनावर असतील, हे मी जाणून आहे.

आशीर्वाद देणारा हात आज जरा संकोचतो. तरी तो तुझ्या मस्तकी आहे.

तुझा
आंसेल्म

कबुलीजबाब

सेंतोब्रँ गावाच्या रानाची मोहरबंद सनद माझ्या हाती आली होती आणि ती मी नष्ट केली. तिच्यात काय होते ते मी सांगू शकत नाही, कारण मी ती वाचली नाही. ज्यांना वाचता येत नाही ते न पारखता जाळतील, असे मी लिहून दिले होते. ज्याला वाचता येते तो वाचतोच, हे मात्र सिद्ध न करता गृहीत धरले होते. चूक ती एवढीच, आणि ती माझी.

हा मजकूर ब्लेझ आणि त्वानोन यांच्या मागणीवरून त्यांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी हात वर केल्यावर सही केली.

आंसेल्म व्हर्दोल