जास्वंदीचा दिवा

४ मे

चि. चिमणीस, अ. उ. आ.

नव्या जागेत दुकान लागलं. पुढे शिलाई, मागे मी. खिडकी आहे, पण उघडली की शेजारच्या गोदामाची भिंत नाकाला लागते. मला त्याचं काही नाही, खिडकीतल्या कुंडीतल्या जास्वंदीने मात्र रुसवा धरलाय. पानं पिवळी पडून गळताहेत.

तुझ्या बाबांनी काल येऊन निकाल दिला की जिथे झाड जगत नाही, तिथे त्याची बहीण राहणार नाही. मीही तावातावाने पैज लावली. महिनाअखेर नवी पानं आली तर मी इथेच, नाही तर मशीन, कात्री आणि मी निमूट तुमच्याकडे. लावली खरी, पण आज उठल्या उठल्या आधी झाडाची पानं मोजली. माझी गिऱ्हाइकं, माझी किल्ली सोडून मला कुठे करमणार?

झाडं वाढवायचे एलईडी दिवे मिळतात म्हणे. दुकानदाराने दाखवलेल्या दिव्याची किंमत ऐकून मी विचारलं, सोबत माळीही देणार का. तू नाटकांना उजेड देतेस, तेव्हा परवडेलसा एखादा सुचव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

८ मे

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तो माळीवाला दिवा मुळीच घेऊ नकोस. सोबत एक पाठवतेय, साध्या होल्डरमध्ये बसतो आणि एका पँटच्या शिलाईत येतो. उजेड जांभळट-गुलाबी पडेल, दचकू नकोस. पानांना लाल आणि निळा उजेड जास्त लागतो.

बाबांनी इकडे मागची खोली रंगवायला घेतली आहे. पिस्ता रंग, तुझ्या आवडीचा. अर्धा भिंतीवर, अर्धा त्यांच्या चष्म्यावर. आई म्हणते, इतका उत्साह त्यांनी स्वतःच्या लग्नातही दाखवला नव्हता.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी चिमणी

१४ मे

चि. चिमणीस, अ. उ. आ.

तुझा दिवा लावला आणि दुकानाचं थिएटर झालं. दोन मुली डोकावून तिकीट कुठे मिळतं ते विचारून गेल्या. त्यावर हसले, पण पुढचं ऐक. बँडमास्तरांच्या हिरव्या कोटाला त्या उजेडात काळा दोरा अगदी बेमालूम दिसला. मास्तरांनी कोट रस्त्यावर नेऊन पाहिला आणि त्याच पावली परत आले. सगळी शिवण उसवली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं, फार लाज वाटली.

आता काम असलं की दिवा बंद ठेवते, आणि काम दिवसभर असतं. म्हणजे झाड उपाशीच. काल आणखी पानं गळली. काहीतरी लवकर कर बाई.

काळजीत असली तरी तुझीच,
आत्या

१७ मे

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

चुकलंच माझं. मी झाडाचा विचार केला, त्याच्यासोबत राहणाऱ्या शिंपिणीचा नाही. आता पांढरा घे, सगळे रंग असलेला. त्यात दोराही खरा दिसेल. खोक्यावर हजार वॅटच्या तोडीचा वगैरे छापलेलं असतं, तिकडे बघूच नकोस. खरोखर किती वीज खातो ते बारीक अक्षरात असतं. वीस-पंचवीस वॅट तुला पुरे. सकाळी लाव, रात्री बंद कर, झाडालाही झोप हवी.

बाबा रविवारी मशीनचं माप घ्यायला येताहेत. टेप आतापासूनच खिशात आहे. खरं सांगू, तू इथे आलीस तर मला हवीच आहेस. पण हरून येऊ नकोस.

रागावली नसशील, अशी आशा करणारी,
चिमणी

३१ मे

चि. चिमणीस, अ. उ. आ.

पैज मी जिंकले! जास्वंदीला तीन नवी पानं आली आहेत, हिरवीगार, नखाएवढी. पण ती कुणामुळे आली ते तुला सांगायलाच हवं.

मी पांढरा दिवा आणला आणि शहाणपणा करून उंच टांगला. म्हटलं, एकाच दिव्यात झाडही होईल आणि मशीनही. दादा आला, मशीन मापलं, टेबल मापलं, मलाही मापतो की काय असं वाटलं. मी चहा टाकायला आत गेले. परत येताना दारातून बघते तर तो दिव्यासोबतचा माहितीचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचतोय. मग गुडघा धरत स्टुलावर चढला, वायर सोडवून दिवा पार झाडाच्या जवळ आणला, आणि पानाला ऊब फार लागत नाही ना हे खाली हात धरून पाहिलं. मी दोन पावलं मागे गेले आणि कपबशा जरा जास्तच वाजवल्या. बाहेर आले तेव्हा तो भिंतीचं माप घेत होता. चहा पिताना म्हणाला, झाडात काही जीव दिसत नाही, तू हरणार.

मला इतके दिवस वाटत होतं की मला इथे एकटीला जमेल यावर त्याचा विश्वासच नाही. तो गेल्यावर दार लावून मी चांगली रडले. त्याला यातलं काही कळू देऊ नकोस, तो उगाच ओशाळेल.

त्याला एवढंच सांग की बहीण जिंकली. आणि हेही सांग की खोली रंगवून झाली असेल तर शनिवारी मी मुक्कामाला येतेय, आणि सोमवारी सकाळी दुकान उघडायला मला त्यानेच आणून सोडायचं आहे.

तुम्हा सगळ्यांची,
आत्या