बाटली भरताना आलेला वास

प्रिय कुमुद,

तुझे गुडघे कसे आहेत? मी पाणी उकळूनच पिते, काळजी नको.

सिरसाळ्यात जुलाबाची साथ आली म्हणून मी विहिरीचं पाणी तपासलं. एकही जंतू सापडला नाही. पाणी चांगलं आहे, असं मीच सांगितलं. मी उतरले आहे त्या घराशेजारची रुकसाना माझ्या शब्दावर लेकीला तेच पाजत राहिली. सात वर्षांची अदिबा परवा गेली.

पाणी सोडणाऱ्या बद्रीनाथला मी फैलावर घेतलं. तो म्हणाला, “बाई, तुमी येणार म्हनून सकाळीच लई ब्लीचिंग पावडर टाकली. पाहुन्याला घाण पाणी दावायचं का?” एरवी हा महिनोन्महिने विहिरीकडे फिरकत नाही.

पण बाटली भरताना तो वास मला आला होता, कुमुद. पावडरीने जंतू तेवढ्यापुरते मरतात आणि असा नमुना खोटा ठरतो, हे मी आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलींना शिकवलं. ऊन फार होतं, मला परतायची घाई होती.

आता उठते. हे रुकसानाला सांगायचं आहे.

तुझीच,
विमल