झिरो, आणि एक दाणा

सोमवार, २९ सप्टेंबर

मशिन मिळालं! सुपरवायझर महादेवरावांनीच मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. शुक्रवारचा लॉट मी एकटीने काढायचा. जमला तर मशिन कायमचं माझं. बिघडला तर परत कानस घेऊन कडा घासायच्या टेबलावर. तिथे मी आता जाणार नाही. जीव गेला तरी नाही!

आईला समजावलं — जॉब, म्हणजे ज्याला भोकं पाडायची तो लोखंडी तुकडा, वाईसच्या शिकंज्यात पकडायचा, मग मशिनला दाखवायचं की मोजायला सुरुवात कुठून करायची. त्याला म्हणतात झिरो घेणं. आईने शेवटचं तेवढं उचललं. संध्याकाळी शेजारच्या शोभाताईंना कुंपणावरून, अभिमानाने: "आमची उत्तरा आता रोज झिरो घेते!"

शोभाताई बिचाऱ्या: "घेऊ दे वं. पुढच्या खेपेले होईन पास."

बुधवार, १ ऑक्टोबर — खंडेनवमी

मशिनींची पूजा. महादेवराव आजच्यापुरते भटजी. माझ्या मशिनवर अक्षता जरा जास्तच टाकल्या. "पोरीचा लॉट चांगला निघू दे गा," म्हणाले. मशिनला!

गुरुवार, दसरा

सुटी. हात शिवशिवताहेत.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सत्यानाश!!

सगळे जेवायला गेले तेव्हा शांतपणे झिरो घेतला. पहिला जॉब एकदम मापात. पुढच्या सगळ्यांची भोकं केसभर सरकलेली! मालक अभिजीतसाहेब तणतणत आले. "झिरो कोणी घेतला? उद्यापासून टेबलावर!" रडूच आलं मला.

तरी पहिला जॉब उलटा करून पाहिला. मागच्या अंगाला भाताचा म्हणा, तांदळाचा म्हणा — एक दाणा, चपटा होऊन चिकटलेला! म्हणजे झिरो घेताना हा जॉब आणि वाईसच्या मध्ये बसला होता. पुढच्या जॉबांना तो नव्हता, म्हणून ते सगळे मागे सरकून बसले. मग माझं डोकंच फिरलं. "अक्षता टाकायला दुसरी जागा नव्हती?" सगळ्यांसमोर मी महादेवरावांवर ओरडले.

महादेवरावांनी दाणा नखाने काढला. बोटांत चुरून पाहिला. मग म्हणाले, "माह्याच हातून झालं, साहेब. पोरीले काहून बोलून राहिले?"

साहेबांनी त्यांना असं झापलं की बघवेना. वाईट वाटलं मला. पण थोडंसंच — मशिन वाचलं ना!

शनिवार, ४ ऑक्टोबर

नवा लॉट, सगळा मापात! महादेवरावांना ऐकवलं — पुढच्या वर्षी फुलं वाहा, धान्य नको. हो म्हणाले बिचारे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

मशिन कायमचं माझं झालं. पेढे घेऊन महादेवरावांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले — "अक्षता कच्च्या राह्यते, उत्तरा. दाबल्या की भुगा होते. तो दाणा शिजेल होता. मशिनपाशी उभ्यानं खिचडी नको खात जाऊ वं."