लेबलासाठी बाबांचा फोटो

सक्करदरा, नागपूर
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. मी सुखरूप पोचले. आईचा गुडघा बरा आहे, तू दिलेली चॉकलेटं गल्लीत वाटून झाली. फोनवर तू मला हसवून विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे.

तुझ्याकडे बेल्जियममध्ये दिवस छान गेले. तुझ्या मित्राच्या, योहानच्या छोट्याशा कारखान्यातली ती धणे आणि संत्र्याची साल घातलेली बिअर मला आवडली, हेही खोटं नाही. दुसरा ग्लास मीच मागितला.

मग तू बाबांची गोष्ट काढलीस. परसात मोहफुलं सडवून ते दारू कशी गाळायचे, पहिली धार पेटवून कशी पाहायचे. योहान म्हणाला, "म्हणजे बळीराम आमच्याच धंद्यातले." सगळ्यांनी बाबांच्या नावाने ग्लास उचलले. मीही उचलला.

तू सांगितलंस ते खरंच होतं. पण ती धार पोटात गेल्यावर काय व्हायचं, ते तू गाळलंस. भाकर थापताना आईचं मनगट आजही पूर्ण वळत नाही. तू लहान होतास, तुला आठवत नसेल, असं मी विमानात स्वतःला समजावत आले. पण पेटलेली धार तर तुला आठवते.

आता तुझा निरोप: योहानच्या नव्या बिअरचं नाव 'बळीराम', लेबलासाठी बाबांचा फोटो हवा. प्रेमानंद, आपल्याकडे त्यांचा एकच फोटो आहे. दीक्षाभूमीवरचा, पांढऱ्या सदऱ्यातला, दारू न पिण्याचं पाचवं शील घेतलं त्या दिवशीचा. मरेपर्यंत त्यांनी ते पाळलं. रोज वंदनेत त्या शीलाशी आईचा आवाज चढतो.

मोबाइलवर टिपायला मी फ्रेम उतरवली, तर आईने पाहिलं. प्रेमानंदने मागितलाय, एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"दे धाडून वं. त्याच्या घरी बाबा नाही, म्हणून मागून राहिला पोरगा. काच सांभाळून गुंडाळजो."

मग तिनेच फ्रेम पुसून आपल्या पांढऱ्या लुगड्यात बांधली. भिंतीवर चौकोनी डाग उरला आहे.

राग तुझ्यावर किती आणि माझ्यावर किती, मला ठरवता येत नाही. ती चव अजून जिभेवर आहे.

फोटो मी पाठवत नाही, अडवतही नाही. आईला फोन कर. बाबांना बाटलीवर छापायचं आहे, हे तिला तुझ्या तोंडाने सांग. ती हो म्हणाली, तर गाठोडं लगेच टपालात टाकते.

बाबांच्या नावाने ग्लास उचललेली,
तुझी ताई
दीक्षा