टॅलोडीनचं धुराडं

कॅथरीन गाव,
ऑगस्ट संपत आलाय

प्रिय टेगन,

पाकिटावरचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर बघून तू ओळखलंच असशील, आणि ओळखून हे पत्र फ्रिजवर ठेवून दिलं असशील. राहू दे दोन दिवस. पण सेमीफायनलच्या आधी उघड, एवढंच. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि मग मी घाबरून काहीही बोलत सुटतो. मागच्या वेळी मी तुला मगरीच्या दातांबद्दल सांगत बसलो होतो. मगरीचे दात विचारले होते का कुणी? कागदावर निदान तुझं ‘हं’ ऐकू येत नाही.

इथं आम्ही कलिंगडं काढतो. शेतात रांगेत उभं राहायचं, एकानं दुसऱ्याकडे फेकायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, शेवटचा ट्रॉलीवर रचतो. पहिल्या दिवशी माझ्या हातात कलिंगड आलं आणि मी ते काखेत दाबून खांदा पुढे काढला. सगळी रांग थांबून बघायला लागली. बरं, पुढच्याकडे फेकायचं तर हातच वळेना. जन्मभर रग्बीत बॉल मागं द्यायचा, पुढे दिला की शिट्टी, ही सवय. मी ते मागच्यालाच परत दिलं. मागं युरून नावाचा एक हॉलंडचा पोरगा होता, त्याच्या पोटावर बसलं. तेव्हापासून सगळे मला ‘उलट्या’ म्हणतात. युरून चांगला आहे, फक्त त्याला वाटतं की आपलं रग्बी लीग म्हणजे फुटबॉलच, ज्यांना लाथ मारता येत नाही त्यांनी काढलेला. मी त्याला म्हटलं, लाथ कशाला म्हणतात ते बघायचं तर आमच्या गावाला, टॅलोडीनला चल. आणि हे म्हणताना मला तू आठवलीस. तिथून मग हे पत्र.

म्हणजे खरं तर आईच्या फोनवरून. आई सांगत होती की तुझ्या किक चुकतायत. एखादी नाही, सगळ्या. क्लबच्या कॅंटीनच्या खिडकीतून तिला खांब नीट दिसत नाहीत, पण तुझी पाठ दिसते, आणि पाठीवरूनच कळतं म्हणाली. गेल्या मॅचला तुमच्या टीमच्या मेलेनं तीन पोरींना अंगावर घेऊन कोपऱ्यात रेषेपलीकडे बॉल टेकवला, ट्राय टाकली, त्यानंतरची तुझी किक खांबांमधून गेली असती तर जिंकलो होतो. ती खांबाबाहेर गेली ती गेलीच, मॅच बरोबरीत सुटली. नंतर तू कोचला, हॅडाड सरांना सांगितलंस म्हणे, किक दुसऱ्या कुणाला द्या. आईनं हे सगळं सॉसेजवर कांदा घालता घालता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “तू बस तिकडं कलिंगडं झेलत. इथं पोरीचं अवसान गेलंय.” आणि सेमीफायनल तर आपल्या मैदानावरची शेवटची मॅच. हरलो तर टॅलोडीन हे नावच तिथं संपलं. पुढच्या वर्षी तुम्ही सगळ्या हार्मन पार्कच्या निळ्या जर्सीत. निळ्या! तुझे मर्व्ह आजोबा असते तर त्यांनी शेजारच्या क्लबला आपला क्लब गिळू दिला असता का, माहीत नाही. कदाचित दिलाही असता. म्हाताऱ्याला रडारड आवडायची नाही.

तुझ्या आजोबांनी आपल्याला किती वेळा तीच गोष्ट सांगितली असेल? त्या टेकाडावर, वीटभट्टीच्या धुराड्याला पाठ टेकून, गरम चिप्सचा पुडा मधे ठेवून. मला वाटायचं, ही गोष्ट आपल्यासाठी नाहीच, त्यांना चिप्स जास्त मिळाव्यात म्हणून आहे, कारण ऐकताना आपण खायचं विसरायचो. वीटभट्टी आठवड्यातून दोन-तीन दिवसच पेटायची असे वाईट दिवस होते, तेव्हा रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून भट्टीवाल्यांनी क्लब काढला. पहिल्या जर्सी पांढऱ्याशुभ्र होत्या. पण मैदान म्हणजे खाणीशेजारची लाल चिकणमाती. बायकांनी अर्धा हंगाम त्या घासल्या, आणि एका सोमवारी तुझ्या पणजीनं, एल्सीनं, घासायचा ब्रश दोरीवरच्या जर्सीला फेकून मारला आणि जाहीर केलं, “लाल तर लाल. आता जो पांढरी मागेल त्यानं स्वतः धुवावी.” झाला क्लबचा विटकरी रंग. कमिटीनं ठराव वगैरे नंतर केला. हार्मन पार्कवाले तेव्हापासून आपल्याला ‘भाजके’ म्हणतात, आणि आपण त्यांना ‘कच्चे’.

युद्धात पुरुष गेले, तेव्हा एका मॅचला तेरा माणसं भरेनात. एल्सी नवऱ्याचे बूट घालून उतरली. पुढे कागद भरून बूट घट्ट केले होते. किकही तिनंच मारली आणि ती गेली. मग पूर आला तेव्हा खाडीचं पाणी खांबांच्या आडव्या दांडीपर्यंत चढलं होतं, आणि होडीतून घरी येणारे लोक धुराडं बघून कुठं वळायचं ते ठरवत होते. मग भट्टी कायमची थंड झाली. मालक गेले, खाणीत पाणी साचलं, टोंगाची माणसं आली, लेबनॉनची आली, आमच्यासारखे कुठूनही आलेले आले, आणि आल्या आल्या सगळ्यांना विटकरी जर्सी मिळाली. धुराडं मात्र धूर न काढता उभंच. मला लहानपणी वाटायचं, ते मॅच बघायलाच थांबलंय.

कुठं होतो मी? हां, किक.

हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. युरूनला सांगितलं तर तो हसला. आपल्या मैदानावर खाडीवरून वारा येतो, कायम उजवीकडून. म्हणून खाणीकडच्या खांबांवर मारताना टॅलोडीनचा कुणीही किकर खांबांकडे बघतच नाही. खांबांच्या जरा उजवीकडे, मागच्या टेकाडावर, धुराडं. त्याच्यावर नजर लावायची आणि मारायचं. बॉल असा बाहेर जायला लागतो की पाहुणे टाळ्या वाजवायला हात वर करतात. मग वारा त्याला कानाला धरून आत आणतो. ते हात तसेच वर राहतात. तुझ्या किकनंतर ते अर्धवट वर राहिलेले हात बघणं हा माझा जगातला सगळ्यात आवडता देखावा आहे. मी बरीच गावं हिंडलोय आता, म्हणून खात्रीनं सांगतो. म्हणूनच तर आपला कॅप्टन टॉस जिंकला की दुसरा हाफ धुराड्याकडे मागतो. एल्सीनं मर्व्हला शिकवलं, मर्व्हनं तुला. आजोबा तुला विटेच्या भुकटीचा छोटा चपटा ढीग करून त्यावर बॉल उभा करायला लावायचे, कारण बॉल ठेवायच्या प्लास्टिकच्या स्टॅंडला ‘अंड्याचा कप’ म्हणायचे. आणि तू एकदा चिडून विचारलंस की खांब समोर असताना मी चिमणीकडे का बघू, तेव्हा म्हणाले, “पोरी, खांब सगळ्या गावांना असतात. धुराडं फक्त आपल्याला आहे.”

आणि आता नाही. एप्रिलमध्ये पाडलं तेव्हा मी ब्रूमला होतो, मोत्यांच्या बोटीवर भांडी घासत. आईनं फोन उंच धरला होता, मला ऐकू यावं म्हणून. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते म्हणे. आधी एक दबलेला धप् आवाज, मग काहीतरी बराच वेळ खाली बसत असल्यासारखं. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि एकदम थांबवल्या. मी आईला विचारलं, टेगन आहे का तिथं. आई म्हणाली, आहे, पाठ करून उभी आहे.

त्यानंतर तुझं नेमकं काय होतं, मला माहीत आहे. मी इथून सांगू शकतो. तुझा पाय नाही चुकत, टेग. तू कुठं बघायचं ते शोधत बसतेस, आणि शोधता शोधता नजर खांबांवर येते, आणि मग किक सरळ जाते, आणि वारा तिला बाहेर फेकतो. बाकी कुठल्याही मैदानावर ती गेली असती. आपल्या पोरींनीच करावी अशी चूक आहे ही. इतकी सरळ मारणारी पोरगी फक्त टॅलोडीनलाच हरू शकते.

मी हे युरूनला कलिंगडं ठेवून समजावलं. दोन खांब म्हणून दोन कलिंगडं, धुराडं म्हणून पाण्याचा कॅन. मधेच मुकादमाचं कुत्रं आलं आणि त्यानं धुराड्यावर तंगडी वर केली. सगळे हसले. मी पण हसलो, आणि मग मला हसता येईना, उगाच. युरून म्हणाला, तू या मैदानाबद्दल बोलतोस की आणखी कुणाबद्दल. परदेशी माणसं फार सरळ विचारतात.

मी विंगर म्हणून कधी चांगला नव्हतो. हॅडाड सर किंचाळायचे की विंगरनं मैदानाच्या कडेला, रेषेला धरून राहायचं असतं, हा कुत्र्यासारखा बॉलमागं मैदानभर. बरोबर होतं त्यांचं. आणि मी गाव सोडलं तेव्हा बस सुटायच्या आधी तू जे म्हणालीस तेही. तू रागावली नव्हतीस, तेच वाईट होतं. माझ्या बॅगेची चेन लावलीस, कारण मला ती कधीच लावता येत नाही, आणि म्हणालीस, “ब्रॉडी, तुला एका जागी उभं राहताच येत नाही. त्यात तुझा दोष नाही. पण मी कुठं बघू?” मी म्हटलं, प्रत्येक गावाहून काहीतरी पाठवीन. तू ‘हं’ म्हणालीस. मी पाठवलं पण. तो शिंपला पोचला का? आई सांगत नाही. त्यानंतर किती गावं झाली, सगळ्या गावांना दुकानं होती, पब होता, कुठं कुठं खांबही होते. संध्याकाळी त्या रिकाम्या खांबांकडे बघत बसायचो आणि नजर आपोआप उजवीकडे सरकायची. तिथं काही नसायचं.

आता मुद्द्याचं. आई म्हणते, धुराड्याचा पाया अजून आहे, गोल, विटांचा, गुडघाभर उंच. तिथं होणाऱ्या फ्लॅटचं काम सुरू झालेलं नाही आणि कुंपणाला भगदाड आहे. मी उद्या इथून निघतोय. ट्रकवाल्यांच्या मेहेरबानीनं येणार, म्हणून हे पत्र माझ्याआधी पोचेल, आणि पोचावंच, नाहीतर तू दचकशील. ताडपत्रीचा लांब बांबू मुकादमाकडून मागून घेतलाय. त्याला माझी जुनी जर्सी बांधणार. उन्हानं उतरलीय, पण रंग विटकरीच आहे. दुसऱ्या हाफला त्या विटांच्या पायावर, बरोबर मधोमध, मी ती उंच धरून उभा असेन. हार्मन पार्कवाले ओरडतील, ओरडू देत. मेलेनं ट्राय टाकली तरी मी उड्या मारणार नाही. कुणी चिप्स आणून दिल्या तरी हात खाली घेणार नाही. तू हॅडाड सरांना सांग, किक तूच घेणार. बॉल ठेव, मागं ये, आणि खांबांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. मॅच संपली, लोक गाड्या काढून गेले, मैदान रिकामं झालं, तरी मी तिथंच असेन, तू वर येऊन ‘उतर आता’ म्हणेपर्यंत. आणि नाही आलीस, तर किक गेली एवढं बघून मी गुपचूप बांबू खाली घेईन. पण तोवर हलणार नाही.

न हलता,
तुझाच
ब्रॉडी